पोस्ट ऑफिस बॉक्स, अटलांटिकची केबल आणि भिंतीत हरवलेली फोनलाइन

बीएस्सीला फिजिक्स असेल तर तुम्ही ‘पोस्ट ऑफिस बॉक्स’ नक्की हाताळला असणार. लाकडी पेटी, वर पितळी पट्ट्या, मधल्या फटींत बसवायच्या खुंट्या. खुंटी काढली की रोध वाढतो, बसवली की कमी होतो. गॅल्व्हॅनोमीटरचा काटा शून्यावर आणायचा, जर्नलमध्ये रीडिंग लिहायचं आणि सही घ्यायची. पण रोध मोजायच्या पेटीला पोस्टाचं नाव का, हे बहुतेकांना कुणी सांगत नाही.

नाव खरोखर पोस्टाचंच आहे. ब्रिटनमधल्या तारायंत्राच्या कंपन्या 1870 मध्ये सरकारने ताब्यात घेतल्या आणि त्यांचा कारभार पोस्ट खात्याकडे गेला. पुढे टेलिफोनही त्याच खात्याकडे आले. जमिनीखाली किंवा खांबांवरून गेलेली तार नेमकी कुठे बिघडली आहे, हे टोकाला बसून शोधण्यासाठी त्या खात्याचे लोक ही पेटी वापरत. म्हणजे तुमच्या प्रॅक्टिकलमधला व्हीटस्टन ब्रिज हे मुळात शोधाशोधीचं साधन होतं.

आजच्या लेखात हा शोधाशोधीचा इतिहास बघू. सुरुवात एका साध्या घरगुती प्रश्नापासून करतो, कारण सगळी गुंतागुंत त्यात आहे.

प्रश्न: लाइन आहे, पण कुठे?

लंडनमध्ये व्हिक्टोरियन काळातली चाळीसारखी एकाला एक चिकटलेली घरं आहेत. एका कुटुंबासाठी बांधलेल्या या तीन-चार मजली घरांपैकी पुष्कळांचे नंतर फ्लॅट केले गेले. मध्ये पार्टिशन घातलं, जिना बंद केला, एका खोलीचं स्वयंपाकघर झालं. टेलिफोनची तार मात्र जुन्या घराच्या हिशेबाने आलेली. 1981 पर्यंत ब्रिटनमध्ये फोन सहसा भिंतीवरच्या छोट्या डबीत कायमचा जोडलेला असे. प्लग-सॉकेटची नवी पद्धत त्या वर्षी आली आणि त्याच वर्षी पोस्ट खात्यातून ‘ब्रिटिश टेलिकॉम’ वेगळी झाली. नव्या पद्धतीत घरात शिरणारी लाइन आधी एका ‘मास्टर सॉकेट’वर येते आणि तिथून पुढे बाकीची सॉकेटं जोडली जातात.

आता असा फ्लॅट डोळ्यांसमोर आणा. कंपनीच्या दप्तरात या पत्त्यावर लाइन आहे, पण घरात मास्टर सॉकेट कुठेच दिसत नाही. ते प्लायवूडमागे असेल, किचनच्या कपाटामागे असेल, किंवा लाकडी जमिनीखाली नुसती तुटकी तार पडली असेल. सगळ्या भिंती फोडता येत नाहीत. मग शोधायचं कसं?

घाईघाईने उपकरण हातात घेण्याआधी लक्षात घ्या की यात तीन वेगळे प्रश्न आहेत. लाइन जिवंत आहे का? ती किती लांब गेली आहे? आणि कोणत्या दिशेने गेली आहे? तिन्हींची उत्तरं एकाच मोजमापातून मिळत नाहीत. हे शिकायला माणसांना एकेकाळी फार मोठी किंमत मोजावी लागली आहे.

1858: समुद्राच्या तळाशी

5 ऑगस्ट 1858 रोजी आयर्लंडमधलं व्हॅलेन्शिया आणि कॅनडाच्या बाजूचं न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिकच्या तळावरून पहिली केबल जोडली गेली. राणी व्हिक्टोरियाचा अमेरिकेच्या अध्यक्षांना गेलेला संदेश 98 शब्दांचा होता आणि तो पोचायला सुमारे 16 तास लागले. कंपनीचा विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस पेशाने शल्यचिकित्सक होता. सिग्नल अशक्त येतोय म्हटल्यावर त्याने इंडक्शन कॉइलमधून सुमारे 2000 व्होल्टचा दाब दिला. काही आठवड्यांत केबल मुकी झाली.

बिघाड कुठे आहे? व्हाइटहाउसला वाटलं, किनाऱ्याजवळच. त्याने बंदरातला तुकडा वर काढायला लावला आणि त्याला कामावरून काढण्याचं ते एक कारण ठरलं. विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्व्हिन) आणि क्रॉमवेल व्हार्ली यांनी व्हॅलेन्शियाला बसून रोध मोजले. व्हार्लीच्या अंदाजाने मोठा दोष किनाऱ्यापासून अडीचशे ते तीनशे मैलांच्या आसपास होता, म्हणजे खोल समुद्रात, हाताबाहेर.

अंदाज एवढा ढोबळ का? इथे वही-पेन घ्या. समजा तारेचा रोध दर मैलाला ठरावीक आहे आणि दोष x मैलांवर आहे. तुम्ही एका टोकाकडून रोध मोजता तेव्हा मिळतो x मैल तारेचा रोध अधिक दोषाच्या जागी पाण्यात शिरतानाचा रोध, त्याला f म्हणू. समीकरण एक आणि अज्ञात दोन. म्हणून एका टोकाचं मोजमाप फक्त कमाल मर्यादा सांगतं: दोष याहून लांब नाही, जवळ असू शकतो.

दुसऱ्या टोकाकडूनही मोजलं तर? तिथे मिळतं उरलेल्या तारेचा रोध अधिक तोच f. दोन्हींची वजाबाकी केली की f निघून जातो आणि x सापडतो. गणित आठवीच्या मुलाला जमेल असं आहे. अडचण वेगळीच होती. दुसरं टोक महासागरापलीकडे होतं आणि तिथलं रीडिंग कळवायचं एकमेव जलद साधन म्हणजे हीच बिघडलेली केबल! नाहीतर बोटीची वाट बघायची.

मैल म्हणजे नेमका किती रोध?

दुसरी अडचण याहून मूलभूत होती. त्या काळी सर्वमान्य ‘ओहम’ अस्तित्वात नव्हता. इंजिनिअर रोध मोजायचे तो ‘अमुक जाडीच्या तांब्याच्या तारेचे इतके मैल’ अशा भाषेत. सोयीचं वाटतं ना? रोध मोजला की थेट अंतर. पण थॉमसनने 1857 मध्येच दाखवलं होतं की बाजारातल्या वेगवेगळ्या तांब्याची वाहकता एकमेकांपासून खूप वेगळी असते. म्हणजे एका कारखान्याचा मैल दुसऱ्याच्या मैलाइतका नव्हता.

आणि नुकसान अटलांटिकपुरतं थांबलं नाही. हिंदुस्थानला जोडण्यासाठी 1859-60 मध्ये सुएझ-एडन-कराची अशी तांबड्या समुद्रातून केबल टाकली गेली. तीही निकामी झाली. सरकारने तिच्या 8 लाख पौंडांच्या भांडवलावर साडेचार टक्के परताव्याची 50 वर्षांची हमी देऊन ठेवली होती. केबल मेली तरी वर्षाला 36,000 पौंड तिजोरीतून जात राहणार होते.

मग सरकार आणि अटलांटिक कंपनी यांची संयुक्त समिती बसली. तिचा जाडजूड अहवाल 1861 मध्ये आला. त्यात व्हाइटहाउसच्या पद्धतींवर कडक टीका झाली. पण एक गोष्ट नोंदवून ठेवा. केबल मुळात घाईत बनवलेली होती आणि पाण्यात जाण्याआधीच तिचं आवरण खराब झालं होतं, याचेही पुरावे आहेत. त्यामुळे ‘2000 व्होल्टने केबल मारली’ हे सरळसोट वाक्य आज इतिहासकार जपून वापरतात. दाबाने आधीच असलेला दोष वाढला, एवढं म्हणणं सुरक्षित.

त्याच 1861 मध्ये ब्रिटिश असोसिएशनने विद्युत मानकांसाठी समिती नेमली. पुढच्या वर्षी मॅक्सवेल तिच्यात आला. त्यातून रोधाचं एकक घडलं, तो आजच्या ओहमचा पूर्वज. इतिहासकार ब्रूस हंट यांनी दाखवून दिलंय की या एककामागे प्रयोगशाळेइतकाच केबल उद्योगाचा रेटा होता. बारावीच्या पुस्तकात ओहम असा येतो, जणू निसर्गानेच दिलाय. प्रत्यक्षात हरवलेले दोष शोधणाऱ्या माणसांना तो हवा होता.

वळसा घालून f काढून टाकणे

जमिनीवरच्या केबलमध्ये एक सोय होती. तिथे शेजारी दुसरी, चांगली तार असायची. चांगली आणि बिघडलेली तार पलीकडच्या टोकाला जोडायची, म्हणजे वेढा तयार होतो. अलीकडच्या टोकाला ब्रिज लावायचा आणि बॅटरीचं एक टोक जमिनीला जोडायचं. आता दोषाचा रोध f ब्रिजच्या भुजांमध्ये न येता बॅटरीच्या रांगेत जातो. त्यामुळे काटा थोडा सुस्तावेल, पण संतुलनाचं गुणोत्तर बदलत नाही.

उदाहरण घ्या. केबल 10 किमी, म्हणून वेढा 20 किमी. भुजांचं गुणोत्तर 3:1 आलं, तर वेढ्याचेही तसेच 15 आणि 5 असे भाग पडतात. दोष बिघडलेल्या तारेवर 5 किमीवर. ही मरे वेढा चाचणी. तिचाच भाऊबंद म्हणजे व्हार्ली वेढा चाचणी, आणि हा व्हार्ली म्हणजे व्हॅलेन्शियाला बसलेला तोच. ब्रिजची सर्वांत संवेदनशील मांडणी कोणती, यावर 1873 मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये एक निबंध आला. लेखक होता न्यूकॅसलच्या तार कचेरीतला 22 वर्षांचा ऑलिव्हर हेव्हिसाइड. कॉलेजची पदवी नव्हती, पण रोजचं काम होतं.

परत फ्लॅटमध्ये

आता ही हत्यारं घेऊन फ्लॅटमध्ये जाऊ. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या जोडीत 10 मीटरला जाऊन-येऊन रोध भरतो साधारण पावणेदोन ओहम. गंजलेल्या एका जोडाचा रोधही तेवढा असू शकतो. किलोमीटरमध्ये चालणारी पद्धत खोलीत आंधळी होते.

त्यापेक्षा धारकता बघा. अशा जोडीची धारकता किलोमीटरला सुमारे 50 नॅनोफॅरड, म्हणजे 10 मीटरला अर्धा नॅनोफॅरड. आणि मास्टर सॉकेटमध्ये मुद्दाम बसवलेला असतो 1.8 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, सोबत 470 किलोओहमचा रोध. हा आकडा तारेच्या धारकतेच्या हजारो पट आहे. एक्स्चेंजमध्ये बसून लाइन तपासली की फोन लावलेला नसला तरी कळतं, टोकाला मास्टर सॉकेट आहे की तार मध्येच तुटली आहे. ही खूण मुद्दाम ठेवलेली आहे, 1858 च्या केबलला ती नव्हती.

दिशेसाठी वेगळं साधन लागतं. तारेवर आवाजाच्या वारंवारतेचा सिग्नल सोडायचा आणि हातातल्या प्रोबने भिंतीवरून ऐकत जायचं. पण जोडीच्या दोन तारांमध्ये सिग्नल सोडला तर फारसं ऐकू येत नाही, कारण पीळ घातलेल्या तारांतले उलटसुलट प्रवाह एकमेकांचं क्षेत्र मारून टाकतात. पीळ त्यासाठीच असतो. म्हणून बंद पडलेल्या लाइनवर दोन्ही तारा एकत्र करून सिग्नल त्यांच्यात आणि जमिनीत सोडतात. चांगली लाइन म्हणजे बाहेर काही न सांडणारी लाइन, आणि म्हणूनच ती शोधायला अवघड.

तरीही एक गोष्ट कोणतंच उपकरण सांगत नाही. ‘तार 14 मीटर आहे’ म्हणजे 14 मीटरवर भिंत फोडा असं नाही. तार जिन्याखालून वळसा घेऊन गेली असेल. समुद्रातही हेच होतं: केबल ढिली सोडलेली असायची, त्यामुळे केबलचे मैल आणि नकाशावरचे मैल जुळत नसत. दुरुस्तीचं जहाज विद्युत मोजमापाइतकंच केबल टाकतानाच्या नोंदींवर अवलंबून असे. फ्लॅटमध्ये नोंद म्हणजे त्या घराचा इतिहास. एका कुटुंबाचं घर असताना फोन कुठे असे? बहुधा पुढच्या दारालगत, हॉलमध्ये. तो हॉल आज कोणत्या फ्लॅटच्या कुठल्या कपाटात गेलाय? पार्टिशन 1981 च्या आधीचं की नंतरचं? आधी हे ठरवा, मग प्रोब फिरवा.

हे आजही क्षुल्लक नाही. ब्रिटनमधलं तांब्याच्या तारांवरचं जुनं टेलिफोन जाळं बंद करण्याची मुदत 2025 अखेरवरून जानेवारी 2027 वर ढकलली गेली. त्याचं मोठं कारण म्हणजे एकटे राहणारे वृद्ध. गळ्यातलं बटण दाबलं की मदत बोलावणारी त्यांची यंत्रणा याच लाइनवर चालते. ज्या जोडीचा पत्ता कुणालाच माहीत नाही, तिच्यावर कुणाचा तरी जीव टांगलेला असू शकतो.

तुम्ही पीएचडीचा प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा ‘मेथडॉलॉजी’च्या रकान्यात उपकरणांची यादी टाकण्याचा मोह होईल. त्याआधी कागदावर तीन ओळी लिहा: हे उपकरण प्रत्यक्षात काय मोजतं, मला काय हवंय, आणि या दोहोंमध्ये कोणता f लपलाय. मग तो f कसा घालवणार, हे चौथ्या ओळीत. दुसऱ्या टोकाकडून मोजून, वेढा घालून, की जुन्या नोंदी काढून? चौथी ओळ लिहिता आली नाही तर निदान एवढं तरी स्पष्ट लिहा की तुमचं उत्तर ही कमाल मर्यादा आहे. व्हार्लीनेही एकच आकडा न देता पट्टाच दिला होता.