मोटारीची वॉरंटी : खर्च कोणाचा, दाद कोठे?

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात असलेल्या डोणगावच्या एखाद्या रहिवाशाने अकोल्यातील वितरकाकडून नवी मोटार घेतली आणि वॉरंटीच्या मुदतीतच गिअरबॉक्स बिघडला, तर दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा? वितरक चालकाच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवतो, तर ग्राहकाच्या मते दोष मूळ निर्मितीतलाच असतो. अशा वादाचा निकाल बहुधा ग्राहकाने जपून ठेवलेल्या कागदपत्रांवर अवलंबून असतो.

वॉरंटीत काय येते?
निर्मितीतील किंवा साहित्यातील दोष दूर करण्याची हमी म्हणजे वॉरंटी. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर यांची नेहमीची झीज, तसेच इंजिन ऑइल व फिल्टर यांचा खर्च सामान्यतः ग्राहकाकडेच राहतो. टायर आणि बॅटरीची हमी अनेकदा त्या वस्तूंचे उत्पादक स्वतंत्रपणे देतात. अपघात, पुराचे पाणी किंवा बाहेरून केलेले वायरिंग यांमुळे झालेले नुकसानही सहसा वगळलेले असते. ठरलेल्या किलोमीटरला किंवा मुदतीत सर्व्हिसिंग न केल्यास दावा नाकारला जाऊ शकतो.

गावातील मेकॅनिककडे जावे का?
अधिकृत सेवा केंद्र दूर असल्याने गावाकडील मोटारमालकांपुढे हा प्रश्न नेहमीच येतो. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र मेकॅनिककडे काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही आयोगाने बजावले. त्यावर कंपन्यांनी अपिले केली. त्यामुळे बाहेर काम करण्यापूर्वी वॉरंटी पुस्तिकेतील अटी वाचणे आणि केलेल्या कामाचे पक्के बिल घेणे हिताचे ठरते.

न्यायालये काय म्हणतात?
वॉरंटीची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्यापुरती किंवा बदलून देण्यापुरती असते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगाच्या प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे एक भाग बिघडला म्हणून संपूर्ण मोटार बदलून मिळेलच असे नाही. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ मध्ये २००९ चे मॉडेल विकले गेले होते. त्या प्रकरणात, वितरकाच्या गैरकृत्याची माहिती असल्याचे सिद्ध झाल्याखेरीज उत्पादकाला जबाबदार धरता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. म्हणून तक्रारीत कोणाकडून काय चुकले, हे वेगवेगळे मांडावे लागते.

दाद कोठे मागावी?
ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यात तक्रार करता येते. डोणगावच्या ग्राहकाला वितरकाच्या गावी हेलपाटे घालण्याचे कारण नाही. बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तो जाऊ शकतो. मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाकडे येते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही; ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये, तर १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये शुल्क आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. व्यापारी कारणासाठी घेतलेले वाहन या कायद्यात येत नाही. मात्र स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः टॅक्सी चालवणाऱ्याला संरक्षण मिळते. प्राथमिक सल्ल्यासाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन उपलब्ध आहे.

काय जपून ठेवावे?
खरेदीचे बिल, वॉरंटी पुस्तिका आणि प्रत्येक सर्व्हिसिंगचे जॉब कार्ड जपावे. जॉब कार्डावर आपली तक्रार आपल्याच शब्दांत लिहून घ्यावी. दावा नाकारल्यास कारण लेखी मागावे आणि बदललेला जुना भाग तपासणीसाठी राखून ठेवण्याची मागणी लेखी करावी. निर्मितीतील दोष सिद्ध करण्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल बहुधा लागतोच. तोंडी आश्वासनाचा तेथे उपयोग होत नाही.