एका पांढऱ्या सुटाची वंशावळ

१९९५ साली क्रिस्टीजच्या लिलावात एक पांढरा थ्री-पीस सूट १,४५,५०० डॉलरला गेला. विकणारा होता जीन सिस्केल, शिकागोचा नामवंत चित्रपट-समीक्षक. त्याने तो पूर्वी एका धर्मादाय लिलावात २,००० डॉलरला घेतला होता. ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’मध्ये जॉन ट्रॅव्होल्टाने घातलेला हा सूट. कापड पॉलिएस्टर. कुठल्या नावाजलेल्या शिंप्याकडे बेतलेला नव्हे, तर ब्रुकलिनमधल्या एका साध्या दुकानातून तयार उचललेला. वेशभूषाकार पॅट्रिझिया फॉन ब्रँडेनस्टाइन हिला नायकाच्या खिशाला परवडेल असाच कपडा हवा होता. नायक रंगाच्या दुकानात नोकरी करणारा पोरगा. आणि रंग पांढराच का? अंधाऱ्या क्लबात काळा सूट दिसलाच नसता.

संगीताचं शास्त्रशुद्ध शिक्षण मला नाही. पण डिस्कोबद्दल गेली काही वर्षं मिळेल ते वाचत आलो आणि एक गोष्ट खटकत राहिली. डिस्कोची फॅशन म्हटली की सगळे न्यूयॉर्कच्या ‘स्टुडिओ ५४’कडे धावतात. तिथले हॉल्स्टनचे झगे, पांढऱ्या घोड्यावर बसलेली बियांका जॅगर, दारातून परत पाठवलेली माणसं. हा क्लब उघडला एप्रिल १९७७मध्ये. तोवर डिस्को सात वर्षांचा झाला होता. फॅशन तिथून खाली झिरपली असं लिहितात, पण माझ्या मते प्रवास नेमका उलटा आहे.

१४ फेब्रुवारी १९७० रोजी डेव्हिड मॅन्कुसो नावाच्या तरुणाने न्यूयॉर्कमधल्या ब्रॉडवेवरच्या आपल्या राहत्या जागेत एक पार्टी ठेवली. एकेकाळच्या गोदामवजा माळ्याची ती जागा. म्हणून नाव पडलं ‘द लॉफ्ट’. भाड्याला हातभार लागावा हा साधा हेतू. दारू विकायची नाही, प्रवेश ओळखीने. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय, पोर्तो रिकन, समलिंगी. पुरुषाने पुरुषाबरोबर नाचणं हे त्या काळी बारवर पोलिसांचा छापा पडायला पुरेसं कारण होतं. स्टोनवॉल बारमधल्या छाप्याविरुद्धचा उठाव होऊन जेमतेम आठ महिने लोटले होते. अशा माणसांना निर्धास्त नाचता येईल अशी ही खोली होती.

त्यांच्या नाचाने गाण्याचा सांगाडाच बदलला. फिलाडेल्फियाचा ढोलवादक अर्ल यंग याने १९७३च्या ‘द लव्ह आय लॉस्ट’मध्ये मोठ्या ड्रमचा ठोका चारही मात्रांवर सारखा ठेवला आणि मधल्या जागा हाय-हॅटने भरल्या. आपल्याकडच्या लेझीमवाल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. पाय चुकूच शकत नाही अशी ती चाल. दुसरी अडचण लांबीची. तीन मिनिटांत गाणं संपायचं आणि नाचणाऱ्यांचा रंग उतरायचा. टॉम मूल्टनने गाणी लांबवायला सुरुवात केली. एकदा सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या म्हणून मोठ्या तबकडीवर गाणं कापलं गेलं. खाचा ऐसपैस पसरता आल्या, त्यामुळे आवाज दणदणीत आला. त्या अडचणीतून बारा इंची तबकडी निघाली. १९७६ साली ‘टेन पर्सेंट’ हे गाणं त्या रूपात दुकानात विकायला आलं.

कपड्यांचं मूळ मला इथे दिसतं. गाणं थांबत नाही म्हणजे खुर्चीवर परत जायचं कारण नाही. हात धरायला जोडीदार लागत नाही. माणूस एकटा, गर्दीच्या मधोमध, चारी बाजूंनी दिसणारा. मग कापड हललं पाहिजे, अंगाबरोबर ताणलं पाहिजे, उजेड पकडला पाहिजे. म्हणून रुंद पायघोळ, जरीसारखं लुरेक्स, लांब टोकांची कॉलर. आणि हे सगळं शनिवारच्या एका रात्रीसाठी आठवड्याच्या पगारात बसायला हवं, म्हणून पॉलिएस्टर. (घाम जिरत नाही, हा भाग वेगळा.)

सुटाच्या गोष्टीतला विनोद पुढेच आहे. ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’चा आधार होता जून १९७६मध्ये ‘न्यूयॉर्क’ मासिकात आलेला निक कोनचा लेख. ब्रुकलिनमधल्या इटालियन वस्तीतल्या पोरांचं शनिवारचं आयुष्य, डोळ्यांनी पाहिलेलं म्हणून लिहिलेलं. वीसेक वर्षांनी कोनने कबूल केलं की त्यातला नायक त्याने रचला होता. त्याला साठच्या दशकात लंडनमध्ये पाहिलेला एक टापटीप पोरगा आठवत होता, तोच त्याने ब्रुकलिनला आणून बसवला. म्हणजे डिसेंबर १९७७मध्ये जगाने ज्याला डिस्कोचा चेहरा मानलं, तो एका लेखकाच्या टेबलावर जन्मला होता. लॉफ्टमधली माणसं पडद्याच्या कडेला गेली. मला चित्रपट आवडतो. तरीही हे नोंदवायला हवं.

त्यांची आठवण काढली गेली ती वेगळ्याच रीतीने. १२ जुलै १९७९, शिकागोचं कॉमिस्की पार्क. एका रेडिओ निवेदकाच्या पुढाकाराने डिस्कोची तबकडी आणा आणि ९८ सेंटमध्ये बेसबॉलचे दोन सामने बघा, अशी योजना. दोन सामन्यांच्या मध्ये तबकड्यांचा ढीग मैदानात स्फोटाने उडवला, हजारो प्रेक्षक आत घुसले आणि दुसरा सामना यजमान संघाला सोडून द्यावा लागला. तिथे काम करणाऱ्या व्हिन्स लॉरेन्स या कृष्णवर्णीय मुलाने पुढे सांगितलं की लोकांनी आणलेल्या कित्येक तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच. गाणारे कृष्णवर्णीय होते एवढंच. हाच मुलगा मोठेपणी ‘हाऊस’ संगीताच्या आरंभीच्या मंडळींत दिसतो.

अमेरिकेत डिस्को जळत होता तेव्हा आपल्याकडे तो यायचा होता. आला तोही बंगळूरच्या माणसाच्या हातून. बिद्दू साठच्या दशकात इंग्लंडला गेला. तबकडीच्या मागच्या बाजूसाठी घाईत उरकलेलं त्याचं ‘कुंग फू फायटिंग’ १९७४ साली ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर पोचलं. १९८०च्या ‘कुर्बानी’चं संगीत कल्याणजी-आनंदजींचं, पण ‘आप जैसा कोई’ बिद्दूचं. गायली लंडनमध्ये राहणारी पंधरा वर्षांची नाझिया हसन. आणि डिसेंबर १९८२मध्ये आला ‘डिस्को डान्सर’. राही मासूम रझांसारख्या कादंबरीकाराने लिहिलेला. श्रीमंताने चोरीचा आळ घेतलेल्या बाईचा, मुंबईच्या रस्त्यावर वाढलेला मुलगा. पुढे गिटारमधून सोडलेल्या विजेने ती आई मरते. हसायला सोपं आहे. पण सोव्हिएत रशियात या चित्रपटाची सहा कोटींच्या घरात तिकिटं खपली. रंगाच्या दुकानातला तो ब्रुकलिनचा पोरगा आणि हा फूटपाथवरचा जिमी यांच्यातलं नातं तिथल्या कामगारांना कळलं असावं.

गिरणगावात आम्हाला तर नक्कीच कळलं. मी तेरा वर्षांचा होतो. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. आमचे आबा साचेखात्यात होते. वर्ष उलटलं तरी भोंगा नाही. आई खानावळीचे डबे करायची. अशा दिवसांत मला मिथुनसारखा चमकणारा शर्ट हवा होता, हे आज लिहितानाही संकोच वाटतो. मामा तेव्हा भिवंडीत पॉवरलूमवर लागला होता. आबांना ते पसंत नव्हतं, पण बोलले नाहीत. त्र्याऐंशीच्या गणपतीआधी मामाने दीड मीटर चंदेरी कापड आणलं. आबांनी ते अंगठा आणि बोटात धरून चोळलं, जसं ते कुठल्याही कापडाला चोळत.

“ह्यात सूत नाही,” म्हणाले.

चाळीतल्या शिंप्याने लांब कॉलरचा शर्ट शिवला. मंडळाने लाल-हिरवे दिवे लावले होते. मी विसर्जनाला रात्रभर नाचलो, एकटा, गर्दीच्या मधोमध. आबा गॅलरीत उभे होते. किती वेळ, माहीत नाही.

सकाळी आईने शर्ट धुऊन दोरीवर टाकला. थोड्या वेळाने आबांनी सहज हात लावून पाहिला.

“वाळतो लवकर,” म्हणाले, “एवढं खरं.”