खोक्याआधीची फळी

स्पीकर म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो खोका. मग तो गणपतीच्या मांडवातला असो नाहीतर कॉम्प्युटरशेजारचा. त्यामुळे एका उभ्या फळीला भोक पाडायचं, त्यात स्पीकर बसवायचा, मागची बाजू सताड उघडी ठेवायची आणि वर त्याला हाय-फाय म्हणायचं, हे ऐकल्यावर घरचे आणि सुतारमिस्त्री एकाच नजरेने आपल्याकडे बघतात. गंमत म्हणजे इतिहासात फळी आधी आली, खोका नंतर.

१९२५ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी कर्ण्याशिवाय चालणाऱ्या स्पीकरवर निबंध लिहिला. लोहचुंबक, त्यात हलणारी तारेची गुंडाळी आणि तिला चिकटवलेला कागदी शंकू. आजचा साधा स्पीकर मुळात हाच. पण शंकू पुढे सरकला की पुढे हवेचा दाब वाढतो आणि त्याच क्षणी मागे कमी होतो. दोन्ही लाटा कडेवरून वळून एकमेकींना भेटल्या की खर्जाचा आवाज गायब! म्हणून मध्ये आडोसा हवा. तो आडोसा म्हणजेच बॅफल, आपली फळी.

आता थोडं गणित. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. म्हणजे १०० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी जवळपास ३.४ मीटर. ढोबळ नियम असा की फळी निदान निम्म्या तरंगलांबीएवढी रुंद हवी. झाली ना साडेपाच फूट! ५० हर्ट्झ हवे असतील तर अख्खी भिंतच लागेल. फळी लहान ठेवली तर त्या मर्यादेखाली दर सप्तकाला आवाज ६ डेसिबलने उतरत जातो. तो भरून काढायचा तर प्रत्येक सप्तकाला चौपट वॅट द्यायचे. त्या काळच्या घरगुती अ‍ॅम्प्लिफायरमधून एखाद-दुसरा वॅट निघायचा. चौपट आणणार कुठून?

मग तडजोड झाली. फळीच्या कडा मागे दुमडल्या आणि रेडिओचं लाकडी कॅबिनेट तयार झालं. आपल्या आजोबांचा मर्फी किंवा बुश आठवा. मागे भोकं पाडलेला पुठ्ठा असायचा, व्हॉल्व्हची उष्णता बाहेर जावी म्हणून. आवाजही तिथूनच मोकळा व्हायचा. म्हणजे विविध भारती ऐकत मोठी झालेली आपली अख्खी पिढी ओपन बॅफलच ऐकत होती, फक्त नाव माहीत नव्हतं.

खोक्याने बाजी मारली ती टप्प्याटप्प्याने. बेल लॅब्जच्या आल्बर्ट थुरासला १९३२ मध्ये बॅस-रिफ्लेक्सचं पेटंट मिळालं. १९५४ मध्ये एडगर विल्चरने हेन्री क्लॉसच्या साथीने एआर-१ आणला. हवाबंद खोक्यात कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखी वापरायची, ही त्याची कल्पना. खोका लहान, खर्ज खोल, फक्त वॅट जास्त खातो. पाठोपाठ १९५८ च्या सुमारास स्टीरिओ रेकॉर्डी आल्या आणि घरात एकाऐवजी दोन स्पीकर ठेवायची वेळ आली. दोन मोठ्या फळ्या कोण ठेवून घेणार? नंतर नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी खोक्याचं गणित इतकं नीट मांडलं की कुठलाही इंजिनिअर कागदावर खोका काढू लागला.

पण फळी मेली नाही. इंग्लंडमध्ये व्हार्फडेलच्या गिल्बर्ट ब्रिग्जने १९५० च्या दशकात दोन प्लायवूडच्या मध्ये कोरडी वाळू भरून फळ्या केल्या, लाकूड थरथरू नये म्हणून. १९५७ मध्ये पीटर वॉकरचा क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक आला. तोही मागून उघडाच.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो सीगफ्रीड लिंकविट्झ. तीसेक वर्षं ह्युलेट-पॅकार्डमध्ये मोजमापाची यंत्रं बनवली आणि स्पीकर हा घरचा उद्योग. १९७६ मध्ये त्याने मांडलेला लिंकविट्झ-रायली क्रॉसओव्हर आजही जगभर वापरतात. पुढे ओरायन, एलएक्स५२१ असे उघडे स्पीकर काढले आणि इतरांनी घरी बनवावेत म्हणून त्यांचे नकाशे दिले. २०१८ मध्ये तो गेला.

त्याला जमलं ते का? कारण अडचणच बदलली होती. वॅट स्वस्त झाले आणि खर्ज उचलून देणारं सर्किट तर मातीमोल. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. एखादा निर्णय जुन्या मशीनच्या मर्यादेमुळे घेतलेला असतो, मशीन भंगारात जातं, निर्णय मात्र कोडमध्ये तसाच बसून राहतो, आणि नवीन पोरांना वाटतं की हा निसर्गनियम आहे! खोका वाईट नाही. पण तो एका विशिष्ट काळातल्या हिशेबाचं उत्तर आहे, एवढं लक्षात ठेवावं.

फळीचेही हिशेब आहेतच. ती पुढे-मागे वाजते आणि बाजूंना जवळजवळ गप्प राहते, त्यामुळे खोली कमी घुमते. पण मागच्या भिंतीपासून निदान तीन फूट अंतर हवं. खर्जासाठी शंकूला खोक्यापेक्षा बराच जास्त प्रवास करावा लागतो, म्हणून १२ किंवा १५ इंची स्पीकर घ्यावा.

बनवायचीच तर १९ एमएमचं चांगलं प्लाय घ्या. भोकाची मागची कड ४५ अंशांत तासा, नाहीतर शंकूमागे छोटा बोगदा तयार होतो. पुढच्या कडा गोल करा. पॉलिशसाठी माझं मत चपडा लाखेला. लाख स्पिरिटमध्ये विरघळवा, मलमलच्या पुडीने पातळ हात मारा, वाळू द्या, बारीक पॉलिश पेपर फिरवा, पुन्हा हात. याच लाखेपासून ७८ च्या तबकड्याही बनायच्या आणि ती मुख्यतः आपल्याकडच्या छोटा नागपूर भागातून जायची. पॉलिशने आवाज सुधारत नाही, पण हॉलमध्ये फळी ठेवायची परवानगी मिळते :)

तुमचा हॉल दहा बाय बाराचा असेल आणि सोफा भिंतीला टेकलेला असेल, तर सरळ खोका घ्या. पण लाकडाला हात लावण्याआधी एवढं करून बघा. जुन्या टेपमधला सुटा स्पीकर हळू आवाजात वाजवा आणि मग मध्ये गोल कापलेला मोठा पुठ्ठा त्याच्यावर धरा. तबला कुठून आला ते कळेल.