'बुडबुडा' : एका क्षणभंगुर शब्दाचा इतिहास आणि पनवेलचे तलाव

संस्कृत 'बुद्बुद' हा ध्वन्यनुकारी शब्द. त्यापासून मराठी 'बुडबुडा' आला. 'बुडणे' या क्रियापदाशी असलेल्या ध्वनिसाम्यामुळे लोकमानसात दोहोंची सांगड पडली असावी. 'पाण्याचा बुडबुडा' म्हणजे नाशवंत वस्तू, असा अर्थ भाषेत रूढ झाला.

भौतिकशास्त्रानेही या समजुतीस दीर्घकाळ पुष्टीच दिली. बुडबुडा जितका लहान, तितका त्याच्या आतील दाब अधिक, हा लाप्लासचा सिद्धांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा. त्यानुसार १०० नॅनोमीटर व्यासाच्या बुडबुड्यात भोवतालच्या पाण्याहून सुमारे २९ वातावरणे अधिक दाब असावयास हवा. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षांश, 'नॅनो' या उपसर्गाचे मूळ ग्रीक 'नानोस', म्हणजे बुटका.) एवढ्या दाबाने आतील वायू पाण्यात तत्काळ विरघळणार, हे एपस्टाइन व प्लेसेट यांनी १९५० साली गणिताने दाखविले.

तथापि १९९४ मध्ये पार्कर, क्लेसन व अटार्ड यांनी जलविरोधी पृष्ठभागांमधील आकर्षणाचे मापन करून तेथे अतिसूक्ष्म बुडबुडे असावेत, असा तर्क मांडला. २००० साली अशा बुडबुड्यांच्या प्रतिमाही मिळाल्या. खुल्या पाण्यातही ते दीर्घकाळ टिकतात, असे पुढे अनेकांनी प्रतिपादिले. त्यांच्या पृष्ठावरील ऋण विद्युद्भार हे टिकण्याचे एक कारण मानले जाते. तरीही आढळणारे कण वस्तुतः तेलाचे अथवा अन्य अशुद्धींचे असू शकतात, हा आक्षेप निकालात निघालेला नाही.

उपयोगाचे रहस्य आकारात आहे. एक घन सेंटिमीटर वायू १ मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यांत विभागल्यास त्यांचे एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर होते. १०० नॅनोमीटर व्यासाच्या बुडबुड्यांत विभागल्यास ६० चौरस मीटर. शिवाय मोठा बुडबुडा काही सेकंदांत वर येऊन फुटतो, तर स्टोक्सच्या नियमानुसार हा सूक्ष्म बुडबुडा दिवसाकाठी अर्धा मिलिमीटरही चढत नाही. म्हणून मत्स्यसंवर्धन, सांडपाण्याचे शुद्धीकरण व ओझोनद्वारा निर्जंतुकीकरण या क्षेत्रांत त्याचा अवलंब होऊ लागला.

पनवेलच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हे. १८५२ साली नगरपालिका आणि २०१६ साली महानगरपालिका लाभलेल्या या गावाची ओळख वडाळे, कृष्णाळे इत्यादी तलावांशी निगडित आहे. वस्तीने वेढलेल्या कोणत्याही तलावाचे पाणी साचून राहते. सेंद्रिय गाळ कुजताना तळचा प्राणवायू वेचला जातो. त्यातच ३० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात, हवेच्या संपर्काने, लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. अशा तळाशी प्राणवायू पोहोचविणे, हे सूक्ष्म बुडबुड्याचे खरे कार्य होय. मात्र बाहेरून येणारे सांडपाणी रोखल्याविना हा उपचार अपुराच ठरेल.

अशा योजनेची कसोटी म्हणूनच तिच्या नवलपूर्ण नावात नसून उपचारापूर्वी व उपचारानंतर तळाच्या पाण्यात मोजलेल्या प्राणवायूत आहे. भाषेने बुडबुड्यास अल्पायुषी ठरविले, तर नव्या संज्ञेने त्यास चिरंजीव ठरविण्याची घाई केली. दोन्ही निर्णय मापनाच्या अधीन असणेच इष्ट.