तीन भगिनी, एक तबकडी

एकट्या कंठाच्या आलापीवर पोसलेल्या माझ्या कानांना अमेरिकेतील मिनियापोलिसच्या अँड्र्यूज भगिनींचे गायन प्रथम निव्वळ गलबला वाटले. पुढे उमगले : पॅटी मुख्य चाल गाते, मॅक्सीन वरच्या स्वरांत, लाव्हर्न खालच्या, श्वास मात्र तिघींचा एकच. 1937 साली ‘बाय मिर बिस्ट दू शेन’ या मूळ यिद्दिश गीताच्या इंग्रजी रूपाने त्यांना कीर्ती मिळाली, आणि दुसऱ्या महायुद्धात त्या सैनिकांपुढे गात राहिल्या. या कीर्तीच्या मुळाशी एक शल्य आहे. मूळ संगीतकार शोलम सेकुंडा यांनी गीतकारासह त्याचे हक्क अवघ्या 30 डॉलरना विकून टाकले होते! ते परत लाभले 1961 मध्ये. यात भगिनींचा दोष नाही. पण ती तबकडी लावताना मी सेकुंडांचे नाव आधी घेतो.