दिवाणखान्याची चौथी भिंत

काशीगावातल्या आमच्या घरात ज्या खोलीला सगळे 'हॉल' म्हणतात, तिला चार भिंती आहेत असे म्हणणे धाडसाचे ठरेल. एका भिंतीत प्रवेशद्वार, दुसरीत स्वयंपाकघराचे आणि न्हाणीकडे जाणाऱ्या बोळाचे तोंड, तिसरीत झोपायच्या खोलीचे दार, आणि चौथी म्हणजे जवळजवळ सगळी खिडकीच. सोफा टेकवावा अशी सलग भिंत एकही नाही. छताच्या मध्यावर पंख्याला खेटून दिव्याचा एक पॉइंट. जेवणाचे टेबल मात्र कोपऱ्यात, त्यामुळे जेवणाऱ्याची स्वतःचीच सावली ताटात पडते. मीरा-भाईंदरमधल्या असंख्य घरांत थोड्याफार फरकाने हेच चित्र आढळेल. दोष आपण बिल्डरला देतो, नाहीतर स्वतःच्या अभिरुचीला. दोन्हींत तथ्य असेलही. परंतु या अडचणीला एक इतिहास आहे, आणि तो पाहिल्यावाचून ती नीट कळत नाही. चाळीच्या खोलीच्या मापात आपण दिवाणखान्याची हौस बसवू पाहत आहोत.

प्रारंभ शब्दांपासूनच करावा. 'दिवाणखाना' हा फारसी शब्द. 'दिवाण' म्हणजे दरबार, राज्यकारभाराची कचेरी. (कवीच्या गझलांच्या संग्रहालाही दिवाण म्हणतात, पण तो वेगळा विषय.) ज्या शब्दात एके काळी राज्य मावत होते, त्यात आज गोधड्या ठेवायची पेटी असलेला एक पलंग मावतो. 'खुर्ची' अरबी 'कुर्सी'वरून आली, 'सोफा' मुळात अरबीच पण इंग्रजीचा वळसा घेऊन आला, आणि 'कपाट' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ दाराची फळी. याउलट पाट, चौरंग, सतरंजी, लोड, तक्क्या, समई, निरांजन या घरगुती शब्दांकडे पाहा. या सगळ्या वस्तू उचलता येतात. आणि ज्या हलत नाहीत त्या, म्हणजे कोनाडा, फडताळ, दिवळी, खुंटी, भिंतीतच आहेत. पलंग, झोपाळा असे अपवाद वगळले तर जुन्या मराठी घरात जमीन आणि भिंत यांच्या मध्ये कायमचे उभे राहणारे असे फारसे काही नव्हते.

हे दारिद्र्याचे लक्षण नव्हते. १७९० च्या तहाच्या निमित्ताने सर चार्ल्स मॅलेट सवाई माधवरावांच्या दरबारात आला, त्या प्रसंगाचे थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये रंगवलेले चित्र अनेकांनी पुस्तकांतून पाहिले असेल. जेम्स वेल्सने पुण्यात केलेल्या रेखाटनांवरून ते काढलेले आहे. प्रचंड दालन, खांबांच्या रांगा, माणसांची दाटी, आणि खुर्ची कोठेही नाही. इंग्रजही जमिनीवरच बसलेले आहेत. दालनाला अर्थ येतो तो कोण कोणाच्या किती जवळ बसला आहे यावरून. बैठक उठली की दालन रिकामे. त्याच जागी पंगतही बसू शकते. खोलीचे नाव तिच्यातल्या वस्तूंवरून नव्हे, तर त्या प्रहरी तिच्यात चाललेल्या व्यवहारावरून ठरत असे.

दिव्याचेही तेच. माजघर हे नावाप्रमाणे मधले घर. दोन्ही बाजूंनी खोल्या असल्याने दिवसाही अंधारे. तेथे उजेड असे तो नेला म्हणून. १९१६ मध्ये सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोचला, तो याच सवयीत चपखल बसला म्हणून असावा. कंदील खुंटीला लागे, तेथून ओट्यावर, तेथून गोठ्यात जाई. माणूस जेथे, उजेड तेथे. ज्या औंध संस्थानात ओगलेवाडी वसली, त्याच संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली होती, आणि नांगर करणाऱ्या त्या कारखान्याने पुढे लोखंडी फर्निचरही केले. हातात उचलायचा दिवा आणि जागचे न हलणारे लोखंडी सामान या दोन्ही वस्तू मध्यमवर्गाला एका चिमुकल्या संस्थानाच्या आश्रयाने मिळाव्यात, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

मुंबईत मात्र दोन्ही बाबतींत वेगळेच घडत होते. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात स्थापन झालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या. आपण त्यांना बी.डी.डी. चाळी म्हणून ओळखतो. खोली १६० चौरस फुटांची. खाजगी चाळींतून तर 'दहा बाय दहा' हे माप जवळजवळ म्हणीसारखे रूढ झाले. गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे माणसे आळीपाळीने झोपत, आणि त्याच खोलीत बायका खाणावळीही चालवीत. वाड्यातली 'उचला आणि मांडा' ही रीत येथे टिकली, कारण तिच्यावाचून इलाजच नव्हता. वळकट्या खाटेखाली, ट्रंकांवर ट्रंका, भांड्यांची मांडणी भिंतीला. ('मांडणी' हा शब्द फळीलाही आणि रचनेलाही वापरणाऱ्या भाषेला गृहसजावटीचे वेगळे शास्त्र कशाला हवे होते?) बदलला तो दिवा. वीज आली आणि दिवा छताला कायमचा टांगला गेला. आता उजेड माणसामागे जाईना, माणसालाच उजेडाखाली येऊन बसावे लागले. एका बल्बखाली अभ्यास, निवडणे-टिपणे आणि पत्ते हे सारे एकाच वेळी, असे दृश्य आपल्या चाळसाहित्यात ओळखीचे आहे ते यामुळेच.

मग ही 'हॉल' सजवण्याची कल्पना आली कोठून? माझ्या मते तिचे एक उगमस्थान रंगभूमीवर आहे, आणि गृहसजावटीच्या इतिहासात त्याची दखल सहसा कोणी घेत नाही. १ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' सादर केले. रंगवलेल्या पडद्यांऐवजी खऱ्याखुऱ्या खोलीचा आभास देणारा देखावा प्रेक्षकांपुढे आला. पुढे मराठी नाटकाचा दिवाणखाना ठरून गेला: मध्ये सोफा, बाजूला टीपॉय, एका अंगाला स्वयंपाकघराचे दार, मागे जिना असला तर उत्तमच. त्या खोलीला तीनच भिंती असतात. चौथीच्या जागी प्रेक्षक बसतात म्हणून सगळे सामान एकाच दिशेला तोंड करून मांडावे लागते. चाळीत राहणाऱ्या प्रेक्षकाने तिकीट काढून वर्षानुवर्षे जो दिवाणखाना पाहिला, तो हा. वरच्या वर्गासाठी १९३७ मध्ये वास्तुविशारदांच्या संस्थेने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरवले होते. पण आपल्या मध्यमवर्गावर नाटकाचा संस्कार अधिक खोल झाला असावा, हा माझा तर्क आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि घराघरांतली चौथी भिंत कायमची राखीव झाली. फरक एवढाच की आता बसलेले आपण प्रेक्षक होतो.

या हौशीला जागा किती मिळाली? राष्ट्रीय बांधकाम संहितेत एकाच खोलीच्या घरासाठी किमान क्षेत्रफळ ९.५ चौरस मीटर धरलेले आहे. गुणाकार करून पाहावा: दहा बाय दहा फुटांची खोली ९.३ चौरस मीटर भरते. म्हणजे चाळीचे माप संहितेत येऊन जेमतेम दोन चौरस फुटांनी वाढले! ते किमान माप आहे हे मान्य. प्रत्यक्षातला हॉल त्याहून मोठा असतो. पण त्यातूनच सगळ्या खोल्यांकडे जाण्याच्या वाटा काढल्या की उरलेली जागा पुन्हा त्याच मापाशी येऊन थांबते. काशी आणि मिरे ही मुळात खेडी. मीरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ ची, महानगरपालिका २००२ ची. महामार्गालगतच्या या परिसरात मुंबईच्या एका खोलीतून बाहेर पडलेली कुटुंबे आली ती दिवाणखान्याचे स्वप्न उराशी बाळगून. वरळीच्या पुनर्विकसित बी.डी.डी. चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा सोफा कोठे ठेवायचा हा प्रश्न त्यांच्याही पुढे आलाच असेल.

यात सर्वाधिक नुकसान जेवणाच्या टेबलाचे झाले आहे, आणि हे मला केवळ सजावटीचे नुकसान वाटत नाही. पंगतीत पुरुष आधी जेवत, वाढणाऱ्या बायका मागून, बहुधा स्वयंपाकघराच्या अंधारात. टेबलाने मुकाट्याने एक आश्वासन दिले होते: भांडी मध्ये ठेवा, ज्याने त्याने वाढून घ्यावे, सगळ्यांनी एकाच वेळी बसावे. परंतु अडचणीच्या हॉलमध्ये टेबल कोपऱ्यात सरकवले की त्याच्या दोन बाजू भिंती खातात. सहा जणांच्या टेबलावर तिघे-चौघे बसतात. 'तुम्ही घ्या बसून, मी नंतर बसते,' हे वाक्य कोणाच्या तोंडी येते ते सांगायला नको. घरात आलेली नवी वस्तू जुन्या पंगतीचा नियम पाळू लागते, आणि तिच्यावर प्रकाशही नेमका पाठीमागून पडतो.

आमच्या घरी बराच काळ हेच चालले होते. गेल्या पावसाळ्यात सोफा विकला. खिडकीखाली गादी आणि दोन लोड आले. त्यांना भिंत लागत नाही. टेबल दोन हात पुढे ओढले, चारी बाजूंनी मोकळे केले. छतात एक हुक ठोकून मधल्या पॉइंटची वायर लांबवली आणि दिवा टेबलाच्या बरोबर वर, बसलेल्याच्या डोळ्यांवर येणार नाही इतका खाली आणला. खोलीच्या मधोमध आता टेबल आहे, आणि स्वयंपाकघरातून खिडकीकडे जायला त्याला वळसा घालावा लागतो. आल्यागेल्यांना ते विचित्र वाटते. संध्याकाळी त्यावर मुलीची पुस्तके आणि माझे तपासायचे पेपर असतात. साडेआठला ते सगळे उचलून गादीवर जाते आणि ताटे मांडली जातात. सासूबाई पहिल्यांदा टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला बसल्या, तेव्हा त्यांनी पोळीचा डबा स्वतःजवळ ओढून घेतला आणि म्हणाल्या, "आता मी उठणार नाही हं."