ड्रुरीचे स्लिपर ऑर्किड : शोध, लूट आणि लागवड

प्रस्तुत निबंधात सह्याद्रीतील एकमेव स्लिपर ऑर्किडचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. फुलाची ओठासारखी पाकळी सपातेच्या टोकाप्रमाणे पोकळ असते, त्यावरून हे नाव पडले. वसई तालुक्यातील चांदीपपासून आंबोलीपर्यंत ते रानात कोठेही आढळत नाही. सांतापाव व कपाडिया यांच्या १९६६ सालच्या मुंबईच्या ऑर्किडविषयक ग्रंथातही त्याला स्थान नाही. त्याचे घर सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, अगस्त्यमलईच्या सुमारे १,४०० ते १,५०० मीटर उंचीच्या गवताळ उतारांवर आहे.

कर्नल हेबर ड्रुरी यांना ते १८६५ मध्ये त्रावणकोरच्या डोंगरांत सापडले. बेडोम यांनी १८७४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध करून ड्रुरींचे नाव दिले. तेव्हा इंग्लंडमधील काचगृहांत ऑर्किडांचे वेड टिपेला पोहोचले होते. व्हाइच यांच्या रोपवाटिकेत स्लिपर ऑर्किडचा पहिला संकर १८६९ मध्ये फुलला. या पिवळ्या फुलाची मागणी वाढणे स्वाभाविकच होते.

येथे लागवडीचा प्रश्न निर्णायक ठरतो. या वनस्पतीला पाणी साठवणारे कंद नसतात. मुळांशी ओल हवी, पण पाणी साचल्यास मुळे कुजतात. गड्डा विभागून मिळणारी रोपे मोजकीच. बी धुळीइतके बारीक व अन्नसाठ्याविना असल्याने निसर्गात ते बुरशीच्या साहाय्यानेच रुजते. बुरशीशिवाय, साखरयुक्त माध्यमात बी रुजविण्याची पद्धत नडसन यांनी १९२२ मध्ये मांडली. तोपर्यंत काचगृहातील बहुतेक रोपे म्हणजे डोंगरावरून उपटलेली रोपेच होती. ड्रुरीची जात तर एकाच डोंगररांगेपुरती मर्यादित! पुढेही उपसा थांबला नाही आणि ती नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आली.

कायदा उशिरा आला. या प्रजातीच्या रानटी रोपांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. भारतात १९९१ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सहाव्या अनुसूचीत तिचा समावेश झाला; २०२२ च्या दुरुस्तीनंतर संरक्षित वनस्पती तिसऱ्या अनुसूचीत आल्या. लागवडीसाठीही परवाना लागतो, ही बाब हौशी बागायतदारांच्या क्वचितच लक्षात येते. कोकणच्या उष्ण रात्रीही साध्या हिरव्या पानांच्या डोंगरी जातींना मानवत नाहीत. ठिपकेदार पानांच्या जाती त्या तुलनेने सोसतात.

केरळमधील पालोड येथील वनस्पती उद्यानाने प्रयोगशाळेत बियांपासून ड्रुरीची रोपे तयार करून ती मूळ अधिवासात लावण्याचे प्रयोग केले. ज्या कौशल्याच्या अभावी डोंगर ओरबाडला गेला, तेच कौशल्य आता रोपे डोंगरावर परत नेत आहे.